बरे होण्याचे मोजमाप : गोव्यातील 'संगाथ' संस्थेची वाटचाल

मनोविकारांवरील उपचारांचे फळ मोजणे म्हणजे उपचार घेणारी व्यक्ती पहिल्या भेटीच्या वेळी कोणत्या अवस्थेत होती आणि ठरावीक काळानंतर ती कोणत्या अवस्थेत आहे, यांतील फरक सर्वांना तपासता येईल अशा रीतीने नोंदवणे होय. ही व्याख्या ऐकायला सोपी वाटली, तरी तिची अंमलबजावणी फार कठीण आहे, कारण तापाला जसा तापमापक आणि मधुमेहाला जशी रक्ततपासणी तसे नैराश्याला काहीच नाही, आणि मनाच्या दुःखाची साक्ष शेवटी त्या मनालाच विचारावी लागते. ब्रिटिश अमदानीतील मनोरुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत सोडून दिलेल्या रुग्णांची 'बरे झालेले' आणि 'सुधारलेले' अशी वर्गवारी असे, परंतु बरे होणे म्हणजे नेमके काय हे बहुधा त्या त्या अधीक्षकाच्या मतावर सोपवलेले असे. पुढे १९६० मध्ये हॅमिल्टन यांनी आणि १९६१ मध्ये बेक यांनी नैराश्याच्या तीव्रतेला गुण देणाऱ्या मोजपट्ट्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा या प्रश्नाला शास्त्रीय रूप मिळाले. मात्र या मोजपट्ट्या दीर्घकाळ विद्यापीठे आणि मोठी रुग्णालये यांच्या भिंतींआडच राहिल्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर केसपेपर हातात घेऊन बसलेल्या माणसापर्यंत हे मोजमाप नेण्याचे काम भारतात ज्या थोड्या संस्थांनी नेटाने केले, त्यांत गोव्याच्या 'संगाथ'चे स्थान फार वरचे आहे.

संगाथची स्थापना १९९६ साली गोव्यात झाली. 'सोबत' असा अर्थ असलेला हा कोकणी शब्द मराठीतील 'सांगाती' या शब्दाच्याच कुळातला असून संस्थेच्या पुढील कार्याचे सारे मर्म त्यात आले आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी आरंभी बालविकास आणि कुटुंब-मार्गदर्शन हे क्षेत्र निवडले. वाढीत मागे पडणारी मुले, शाळेत अडखळणारी मुले आणि त्यांचे गोंधळलेले पालक हे संस्थेचे पहिले आश्रित होत. मनाच्या व्यवहाराविषयीचे कुतूहल गोव्याला नवे नव्हते. संमोहनाच्या शास्त्रीय विचारात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते आबे फारिया मूळचे कांदोळीचे, आणि बांबोळीच्या आजच्या मानसोपचार संस्थेचे पूर्वरूप असलेले पणजीतील रुग्णालयही त्यांच्याच नावाने ओळखले जाई. तथापि, रुग्णालयापर्यंत न पोहोचणाऱ्या बहुसंख्य दुःखितांचे काय, हा प्रश्न रुग्णालयाच्या आवारात बसून सुटणारा नव्हता.

संस्थेच्या विचाराची बीजे काही अंशी आफ्रिकेत रुजलेली दिसतात. डॉ. पटेल यांनी नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात झिंबाब्वेतील हरारे येथे काम केले होते. तेथील शोना भाषेत मनस्तापासाठी 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार करणे, असा शब्द रूढ आहे, आणि लोकांच्या अशाच बोलीतील शब्दांवरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा प्रश्नांची शोना लक्षण-प्रश्नावली तयार केली. मोजपट्टीचे आकडे कोणत्याही देशात सारखेच असले, तरी तिचे प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेतच विचारावे लागतात, ही जाणीव तेथून गोव्यात आली. गोव्यातील रुग्ण 'मला नैराश्य आहे' असे क्वचितच म्हणतो. तो अंग दुखते, झोप येत नाही, जीव घाबरतो, डोक्यात विचार थांबत नाहीत किंवा सरळ 'टेन्शन आहे' असे म्हणतो. म्हणून संगाथने पुढील प्रकल्पांत रोगाचे वैद्यकीय नाव पुढे न करता टेन्शन हा लोकांचाच शब्द वापरला आणि आपल्या कार्यकर्त्यांना 'मनोरोग-तज्ज्ञ' न म्हणता 'आरोग्य समुपदेशक' म्हटले. हा निर्णय वरवर भाषेपुरता वाटतो. परंतु ज्या प्रश्नाने माणूस बिचकतो, त्या प्रश्नाचे उत्तर मोजण्याच्या लायकीचे राहत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे तो मोजमापाच्या शुद्धतेचाच भाग होता हे पटते.

प्रारंभीच्या वर्षांत संस्थेच्या संशोधकांनी उपचारापूर्वीची स्थिती समजून घेण्यावर भर दिला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांमधील दारिद्र्य आणि मनोविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यास १९९८ मध्ये, तर बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे हे त्यामागील कारणांपैकी एक ठरले. हा आकडा वाचून कोणत्याही संवेदनशील वाचकाला अस्वस्थ वाटावे, आणि वाटलेच पाहिजे.

दुखणे किती आहे हे कळल्यावर औषध लागू पडते का, हा पुढचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जी पद्धत वापरतात तिला यादृच्छिक नियंत्रित चाचणी असे म्हणतात. या पद्धतीत कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळावा हे डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले जाते, आणि शेवटी गुण मोजणाऱ्या व्यक्तीला समोरचा माणूस कोणत्या गटातला आहे हे शक्यतो कळू दिले जात नाही. मोजणाऱ्याच्या मनातील आशा आकड्यांत उतरू नये, हा त्यामागील हेतू होय. अशी चाचणी गोव्यातील दोन सर्वसाधारण रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत ४५० रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीत नैराश्यावरील औषध, समुपदेशनात्मक उपचार आणि प्लासिबो, म्हणजे औषधी गुण नसलेली पण औषधासारखीच दिसणारी गोळी, यांची तुलना होती. दोन महिन्यांनी औषध घेणाऱ्यांना प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा अधिक गुण आला. समुपदेशनात्मक उपचार मात्र प्लासिबोहून सरस ठरला नाही.

हा निष्कर्ष त्या काळी संस्थेला निश्चितच सुखाचा वाटला नसेल, कारण बोलण्याने दुःख हलके होते या विश्वासावरच समुपदेशनाचे सारे काम उभे असते. तरीही तो जसाच्या तसा प्रसिद्ध करण्यात आला. संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा क्षण कोणता असे विचारले, तर पुढे मिळालेल्या यशापेक्षा या अपयशाच्या प्रामाणिक नोंदीकडे बोट दाखवावे लागेल. ही नोंद दडपली गेली असती, तर पुढच्या यशाच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याचे कारणच उरले नसते.

त्यानंतर आलेला 'मानस' प्रकल्प हा संगाथचा सर्वांत मोठा आणि सर्वांत गाजलेला प्रयोग होय. गोव्यातील २४ दवाखाने त्यात सहभागी होते, बारा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने. येथे चिठ्ठी रुग्णाची नव्हे, तर दवाखान्याची टाकली गेली, कारण एकाच दवाखान्यात दोन प्रकारची सेवा दिली, तर एकीचे वळण दुसरीला लागण्याची भीती असते. आरोग्यसेवेची कोणतीही पूर्वपार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर महिलांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले गेले. उपचार पायरीपायरीने दिला जाई : सौम्य त्रास असल्यास समजावणे, श्वसनाचे व्यायाम आणि धीर, त्रास अधिक असल्यास डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध किंवा नातेसंबंधांवर भर देणारा मानसोपचार, आणि अखेरच्या पायरीवर मानसोपचारतज्ज्ञ. कोणाला त्रास आहे हे ओळखण्यासाठी गोल्डबर्ग यांची बारा प्रश्नांची सर्वसाधारण आरोग्य प्रश्नावली, तर सहा महिन्यांनंतरची स्थिती मोजण्यासाठी तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तीलाही घेता येईल अशी आखीव मुलाखत वापरण्यात आली.

सुमारे २,८०० लोकांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मनोविकाराचे निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी समुपदेशकाची सोबत मिळालेले ६५ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे झाले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ५२.९ टक्के होते. परंतु हे दोन आकडे एवढ्यावरच सोडले, तर खरी गोष्ट हातातून निसटते. सरकारी केंद्रांत ही तुलना ६५.९ विरुद्ध ४२.५ अशी होती, म्हणजे फरक मोठा आणि निःसंशय होता. खासगी दवाखान्यांत मात्र ६४.१ विरुद्ध ६५.९ अशी होती, म्हणजे फरक नव्हताच. नीट पाहिले तर खासगी दवाखान्यांतील रुग्ण समुपदेशकाविनाही सरकारी केंद्रांतील रुग्णांपेक्षा अधिक प्रमाणात बरे होत होते. समुपदेशकाच्या सोबतीचा खरा लाभ जेथे गर्दी मोठी, डॉक्टर एक आणि वेळ अपुरा असतो तेथील गरीब रुग्णाला झाला, असा अर्थ या चार आकड्यांतून निघतो. आरोग्य खात्यातील पैसा कोठे खर्चावा, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणे अवघड आहे. याच सुमारास, २००८ मध्ये, मॅकआर्थर प्रतिष्ठानने सर्जनशील व परिणामकारक संस्थांसाठीचा आपला आंतरराष्ट्रीय पुरस्कार संगाथला दिला होता.

'मानस'नंतर संस्थेने एकेका आजारासाठी छोटा, सुटसुटीत आणि सामान्य माणसाला शिकता येईल असा उपचार घडवण्याचे ठरवले. तीव्र नैराश्यासाठीचा उपचार 'वर्तन-सक्रियता' या तत्त्वावर आधारलेला होता. उदास माणूस कामे सोडतो, कामे सोडल्याने अधिक उदास होतो, तेव्हा त्याला आवडीच्या आणि गरजेच्या लहान लहान कृतींकडे परत वळवणे, असे त्याचे सूत्र सांगता येईल. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर याची चाचणी झाली. या रुग्णांची निवड 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीने करण्यात आली. हे साधन आज जगभर वापरले जात असल्याने त्याचे स्वरूप येथे थोडे तपशिलाने सांगणे इष्ट ठरेल.

या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्न गेल्या दोन आठवड्यांपुरताच विचारला जातो : कामात रस वाटतो का, मन खिन्न असते का, झोप कशी आहे, थकवा येतो का, भूक कशी आहे, आपण अपयशी आहोत असे वाटते का, लक्ष लागते का, हालचाल मंदावली आहे किंवा उलट जिवाची तगमग होते का, आणि शेवटी मरून जावे किंवा स्वतःला इजा करून घ्यावी असे विचार येतात का. मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून अधिक दिवस आणि जवळजवळ रोज या चार उत्तरांना अनुक्रमे शून्य ते तीन असे गुण मिळतात. त्यामुळे एकूण गुण शून्य ते २७ या टप्प्यात येतात. जितके गुण अधिक, तितका त्रास अधिक. अक्षरओळख नसलेल्या बाईला हे प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि 'निम्म्याहून अधिक दिवस' या शब्दांचा अर्थ बोटांवर दिवस मोजून समजावावा लागतो. नवव्या प्रश्नाला शून्याहून अधिक गुण पडले, तर बेरजेची वाट पाहत बसायचे नसते; त्या विचारांची चौकशी त्याच बैठकीत करायची असते आणि गरज दिसल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवायचे असते. मोजमाप आणि उपचार या एरवी वेगळ्या समजल्या जाणाऱ्या दोन गोष्टी या एका प्रश्नापाशी एकच होतात.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत चौदाहून अधिक गुण असलेले रुग्ण घेतले होते. सहा ते आठ बैठकांचा हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे गुण तीन महिन्यांनी दहाच्या खाली आले; ज्यांच्या बाबतीत डॉक्टरांना केवळ प्रश्नावलीचा निकाल कळवून नेहमीची सेवा दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. त्याच वर्षी मद्यपानाच्या घातक सवयीवरील समुपदेशनाचेही निष्कर्ष आले. ३७७ पुरुषांच्या त्या चाचणीत सवयीतून सुटलेल्यांचे प्रमाण ३६ विरुद्ध २६ टक्के, आणि आधीचे चौदा दिवस दारूला स्पर्शही न केलेल्यांचे प्रमाण ४२ विरुद्ध १८ टक्के असे निघाले. परंतु जे पीतच राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. पूर्ण सोडणाऱ्याला या उपचाराने हात दिला, कमी करू पाहणाऱ्याला दिला नाही, हे या तिसऱ्या मोजमापामुळेच कळले.

समुपदेशन करणारी व्यक्ती ते नीट करते की नाही, हे मोजण्याची सोयही संस्थेने लावली. बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून समुपदेशक एकमेकांच्या कामाला ठरलेल्या निकषांवर गुण देत, आणि प्रशिक्षण व सराव झाल्यावर त्यांचे मूल्यमापन तज्ज्ञांच्या मूल्यमापनाशी बऱ्याच अंशी जुळते असे दिसून आले. तज्ज्ञांची कायमची टंचाई असलेल्या देशात ही गोष्ट लहान नाही.

स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारात मोजमापाचा प्रश्न वेगळे वळण घेतो. तेथे कानांत ऐकू येणारे आवाज थांबले, एवढ्याने भागत नाही. माणूस स्वतःची आंघोळ स्वतः करतो का, घरच्यांशी बोलतो का, कामावर जातो का, हेही पाहावे लागते. यासाठी भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 'आयडियाज' नावाची अपंगत्व-मापन पट्टी तयार केली असून तीत स्वतःची काळजी, माणसांतील संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार अंगांना शून्य ते चार असे गुण देतात व आजाराच्या कालावधीचे गुण त्यांत मिळवतात. मानसिक आजारामुळे आलेल्या अपंगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र देतानाही हीच पट्टी लावली जाते. संगाथने चेन्नईची 'स्कार्फ' आणि साताऱ्याची 'परिवर्तन' या संस्थांसह तामिळनाडू, गोवा आणि सातारा येथे २८२ रुग्णांवर चाचणी केली, तीत समाजातील प्रशिक्षित कार्यकर्ते वर्षभर रुग्णांच्या घरी जात होते. २०१४ मध्ये आलेले तिचे निष्कर्ष माफकच होते : लक्षणे आणि अपंगत्व या दोन्हींत थोडी घट दिसली आणि लाभ मुख्यतः तामिळनाडूतील ग्रामीण भागात झाला. सातारकरांसाठी या निष्कर्षात अभिमानाची आणि विचाराची अशा दोन्ही गोष्टी आहेत. स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रातही डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ८१ कुटुंबांच्या अभ्यासात रुग्णाबरोबरच त्याची शुश्रूषा करणाऱ्या सुनेचे, मुलीचे, पत्नीचे मनःस्वास्थ्य मोजले; शुश्रूषेचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे ठाऊक असलेल्यांनाच असे सुचते.

महाराष्ट्राशी संस्थेचा आणखी एक जिव्हाळ्याचा संबंध विदर्भातून आला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत संगाथच्या सहभागाने 'विश्राम' हा कार्यक्रम राबवण्यात आला. येथे मोजमापाचा घटक रुग्ण नसून गाव होते : नैराश्य असलेल्या दर शंभर लोकांपैकी कितींनी कोणाची तरी मदत घेतली, हे घरोघरच्या पाहणीने काढले गेले. कार्यक्रमापूर्वी हे प्रमाण ४.३ टक्के होते आणि अठरा महिन्यांनी २७.२ टक्के झाले. सहापट वाढ ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, शंभरांतील सुमारे त्र्याहत्तर जण तेव्हाही एकटेच होते.

कोणती मोजपट्टी निवडावी, हा प्रश्न मात्र अखेरपर्यंत सुटलेला नाही, आणि संगाथच्या अलीकडच्या कामात तो अधिकच धारदार झाला आहे. दिल्लीतील सरकारी शाळांत २५१ किशोरवयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत समस्या सोडवण्याचे कौशल्य समुपदेशकाकरवी शिकवण्याची तुलना केवळ पुस्तिका देण्याशी केली गेली. मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या अडचणी समुपदेशनाने अधिक कमी झाल्या. तयार प्रश्नावलीवर मोजलेल्या लक्षणांत मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. वडिलांच्या दारूमुळे घरी अभ्यास होत नाही असे सांगणाऱ्या मुलाची अडचण हलकी झाली, पण प्रश्नावलीचे गुण तसेच राहिले, तर त्याला बरे वाटले असे म्हणायचे की नाही? तज्ज्ञांची मते येथे विभागली जातील. परंतु ज्याचे दुःख त्याने सांगितलेली मोजपट्टी दुय्यम मानणे योग्य नव्हे, हा पक्ष अधिक सबळ वाटतो.

उपचाराचे फळ किती टिकते, याचीही तपासणी झाली. वर वर्णिलेली वर्तन-सक्रियतेची चाचणी आणि गर्भवती व बाळंत स्त्रियांना गावातील 'सखीं'नी दिलेल्या आधाराची चाचणी यांतील एकूण ७७५ जणांना चार ते पाच वर्षांनी पुन्हा गाठण्याचा प्रयत्न करण्यात आला. उपचार मिळालेल्या गटात नैराश्याचे प्रमाण तुलनागटापेक्षा ११ टक्क्यांच्या अंतराने कमी होते. त्यांच्या रोजगारात आणि उपभोगावरील खर्चात मात्र सरासरीने फरक आढळला नाही, आणि ही गोष्टही अहवालात लिहिलेली आहे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात मनोविकारांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या लहानमोठ्या संस्थांचे कार्यकर्ते हा लेख वाचतील. त्यांच्याकडे बहुधा संशोधनासाठी पैसा नसेल आणि संख्याशास्त्रज्ञही नसेल. परंतु नऊ प्रश्नांचा एक कागद प्रत्येकाला परवडणारा आहे. येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे पहिल्या भेटीचे गुण आणि तीन महिन्यांनंतरचे गुण एकाच कागदावर, तारखांसह, लिहून ठेवावेत. जी माणसे मध्येच यायची थांबली त्यांचीही नावे त्या यादीतून गाळू नयेत, आणि शक्य असेल तर त्यांच्या घरी एकदा जाऊन यावे.